इलेक्ट्रिक टेम्पो पाणंदीला उतरवला: नाशिक–गिरणारे–वाघेरा

शोरूमवाले गाडी डांबरीवर एक चक्कर मारायला देतात. तेवढ्यात आवाज नाही, गिअर नाही, उचल चांगली, एवढं कळतं. शेतीच्या कामाला ती पुरेल का, हे त्यावरून ठरवता येत नाही. आमच्या गिरणारे पट्ट्यात घरापासून बागेचं अंतर फार नसतं. खरी परीक्षा डांबर संपल्यापासून बांधापर्यंतच्या कच्च्या वाटेवर, म्हणजे पाणंदीत होते. म्हणून द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर, जमिनीत अजून ओल असताना, दोन वापरातल्या गाड्या मागून घेतल्या आणि भरून त्या रस्त्यावर नेल्या. एक तीनचाकी, शहरात भाजी पोहोचवणाऱ्या पाहुण्यांची. दुसरी चारचाकी छोटा टेम्पो, कुरिअरच्या कामावरची, भाड्याने घेतलेली. दोन्हींची नावं लिहीत नाही. वापरलेल्या एकेका गाडीवरून कुठल्या कंपनीचा निवाडा करणं बरोबर नाही.

तरी बाजारात साधारण काय मिळतं हे माहीत हवं. तीनचाकीत महिंद्राची ट्रिओ झोर २०२० मध्ये आली : ७.३७ युनिटची बॅटरी, ८ किलोवॅटची मोटर, ५५० किलो माल. चारचाकीत टाटा एस ईव्ही २०२२ ची : २१.३ युनिटची बॅटरी, २७ किलोवॅट. २०२५ मध्ये टाटानेच एस प्रो ईव्ही आणली : १४.४ युनिटची बॅटरी, ७५० किलो माल, आणि बाजारात आली तेव्हा किंमत साडेसहा लाखांपासून. महिंद्राची झिओ २०२४ ची, तेव्हा किंमत साडेसात लाखांच्या आसपास सुरू होत होती. यातली एकही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेली, नाही. सगळ्या शहरातल्या मालवाहतुकीसाठी बांधलेल्या आहेत. आपण त्यांना शिवारात नेतो, तेव्हा त्या कुठवर साथ देतील हे आपल्यालाच तपासावं लागतं.

गंगापूर नाक्यावरून निघालो. तीनचाकीत टोमॅटोचे भरलेले क्रेट होते. एक क्रेट जाळीसकट बावीस किलोंच्या आसपास धरला तर पंचवीस क्रेटमध्ये ५५० किलो होतात, म्हणजे या वर्गातल्या गाडीची हद्द तिथेच संपते. चारचाकीत खताच्या गोण्या आणि फवारणीच्या पाण्याचा ड्रम. गोवर्धन, गंगापूर, दुगाव करत गिरणाऱ्यापर्यंत दोन्ही गाड्या खुशीत आल्या. तीनचाकीची जवळपास पाव बॅटरी गेली, चारचाकीची त्याहून कमी. कंपनीचा किलोमीटरचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. भरलेली गाडी, सकाळची ट्रॅफिक आणि स्पीडब्रेकर धरले की त्यातला तिसरा हिस्सा वजा करून चालावं, हा आमचा अंदाज.

दुगावच्या पुढे आम्ही आमच्या ओळखीच्या पाणंदीला उतरलो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्ये काळी माती, ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. तीनचाकी आधी घातली. शंभर पावलांतच तिचं पुढचं चाक मधल्या वरंब्यावर चढलं. मागच्या चाकांपैकी एक चाकोरीत, दुसरं चाकोरीच्या काठावर. गाडी एका अंगाला कलली, क्रेटची वरची ओळ सरकली. बांधावर उभे असलेले नाना म्हणाले, "दादा, ट्रॅक्टरच्या चाकोरीला चार चाकं लागतात. हिला तीन, त्यातलं एक मधेच. सरळ चालंल कशी?"

नानांचं ते वाक्य माझ्या मते साऱ्या खरेदीचं सार आहे. ट्रॅक्टरचा माग रुंद असतो, तीनचाकीचा अरुंद. तिचं पुढचं चाक नेमकं चाकोऱ्यांच्या मधल्या गवताळ उंचवट्यावरून जातं. कोरड्यात ते खडखडत निघून जातं. ओल्यात गवतावरून घसरतं, हँडल हातात ओढतं, आणि भरलेली गाडी असेल तर पलटीची भीती असते. मोटरची ताकद कितीही वाढवली तरी ही अडचण सुटत नाही, कारण ती चाकांच्या मांडणीची आहे. तुमची पाणंद मुरूम टाकून सपाट केलेली असेल तर तीनचाकी बिनधास्त घ्या. ती स्वस्त पडते, वीजही कमी खाते. चाकोऱ्या असतील तर पैसे साठवा आणि चारचाकीकडे जा.

चारचाकी त्याच वाटेने भरलेली असताना आत गेली आणि बाहेर आली. रिकामी केल्यावर मात्र फसली. माल उतरला की मागच्या चाकांवर वजन राहत नाही, आणि ओढ मागच्याच चाकांना असते. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे पाय जरा जास्त पडला की चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं. यावर आमच्याकडे जुना तोडगा आहे : मागच्या चाकांवर दोन-तीन गोण्या राहू द्यायच्या. गाडीत इकॉनॉमी मोड असेल तर चिखलात तोच लावावा. उचल मंद होते, चाक कमी फिरतं. टायर हा पहिला बदल समजा. कंपनीचे टायर रस्त्याचे असतात, मागच्या जोडीला खोल नक्षीचे घातले तर फरक लगेच जाणवतो. आणि गाडीखाली वाकून बॅटरीची पेटी जमिनीपासून किती वर आहे ते टेपने मोजा. मधला वरंबा त्याहून उंच असेल तर पेटीच त्याच्यावर घासत जाणार.

फवारणीच्या ड्रमबद्दल एक सांगतो. दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोनशे किलो, आणि अर्धा असला की पाणी आत हिंदकळतं. वळणावर तीनचाकीला तो हेलकावा सोसत नाही. ड्रम काठोकाठ भरा किंवा रिकामा न्या, आणि हौद्याच्या पुढच्या भिंतीला दोरीने आवळा.

द्राक्षवाल्यांनी अर्ध्या मालावर चाचणी घ्यावी. मागचे पाटे पूर्ण वजनासाठी कडक बसवलेले असतात. थोडा माल असला की गाडी आपटते, आणि तयार घडांची मणीगळ तिथेच होते. पूर्ण भरल्यावर गाडी मऊ चालते, पण काढणीच्या सुरुवातीला रोज पूर्ण माल कुठे असतो?

गिरणाऱ्याहून पुढे धोंडेगाव, काश्यपी धरण आणि वाघेऱ्याचा घाट. हा रस्ता मुद्दाम घेतला, कारण हरसूल बाजूच्या माणसांना हाच चढ-उतार रोजचा आहे. चढाचा हिशोब सरळ आहे. दीड टनाची भरलेली गाडी तीनशे मीटर वर न्यायची तर नुसत्या उंचीसाठी साधारण सव्वा युनिट वीज जाते. मोटरमधला तोटा आणि रस्त्याची घासण त्याखेरीज. बावीस युनिटच्या बॅटरीला ते जाणवत नाही, सात युनिटच्या बॅटरीला चांगलं जाणवतं. आमची तीनचाकी चढली, पण माणूस पळत गाठेल अशा वेगाने, आणि वर पोहोचेपर्यंत तिने तापल्याची खूण दाखवली होती. थोडा वेळ सावलीत उभी केली, मग खूण गेली. रोज घाट चढायचा असेल तर तीनचाकीचा विचार नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते आणि ब्रेकचं अर्धं काम करते. पण घर घाटमाथ्यावर असेल आणि रात्री बॅटरी शंभर टक्के भरून सकाळी थेट उतरलात, तर ती वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते. मोटरचा आडकाठा मिळत नाही, सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. अशांनी नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं.

पाण्याविषयी विक्रेते आयपी ६७ सांगतात. त्याचा अर्थ, एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी जाणार नाही अशी चाचणी. ती त्या पेटीची असते. चाकांची बेअरिंगं, वायरींचे जोड यांना तो शब्द लागू नाही. शिवाय जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते. आपल्याकडे बागेतून आल्यावर फवारणीच्या एचटीपी पंपाच्या गनने गाडी धुतात. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली ती गन मारू नका, बादलीने धुवा. ओढ्यातून जायचं तर आधी पायाने खोली बघा आणि पुलाच्या वर पाणी असेल तर थांबा; हा नियम डिझेलच्या गाडीलाही आहेच.

मुक्कामी चार्जिंग लावलं तेव्हा चार्जर सुरूच होईना, लाल दिवा लागला. गावातला वायरमन आला, त्याने टेस्टर लावून अर्थिंग मेल्याचं दाखवलं. अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरला, पाइप ठोकला, वर पाणी सोडलं, आणि चार्जर चालू झाला. गाडी घेण्याआधी हे काम करून घ्या. सोळा अँपिअरचा प्लग आणि त्याला मीटरपासून स्वतंत्र जाड वायर लागते. फॅनच्या बोर्डावरून एक्स्टेंशन ओढलं की प्लग वितळतो. साध्या प्लगवर तासाला तीन-सव्वातीन युनिटच भरतात, म्हणजे चारचाकीला रात्रभर धरा. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर टायमर लावून मध्यरात्रीनंतर चार्ज करा.

शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. ती सवलत पंपासाठी आहे, आणि थ्री फेजच्या पाळ्यांवर गाडीचं वेळापत्रक बसतही नाही. घरगुती मीटरवर लावली तर महिन्याचं युनिट वाढून वरचा स्लॅब लागतो, तेव्हा गाडीसाठी वेगळं मीटर घेणं परवडतं का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारा. गिरणाऱ्याच्या पुढे सार्वजनिक चार्जर आम्हाला दिसला नाही. वाघेऱ्याला जाणाऱ्याने परतीचा हिशोब नाशिकमध्येच करून निघावं, आणि बॅटरी अर्ध्यावर आली की परत फिरावं.

जुनी गाडी घेणाऱ्यांना : बॅटरी सुरक्षेचे कडक केलेले निकष ३१ मार्च २०२३ पासून पूर्ण लागू झाले, त्यामुळे त्यानंतर बनलेली गाडी बघा. बॅटरीची आरोग्य-टक्केवारी सर्व्हिस सेंटरच्या यंत्रावर काढून मागा, नुसत्या मीटरवरच्या किलोमीटरवर जाऊ नका. बॅटरीची वॉरंटी पुढच्या मालकाच्या नावावर होते का, हे लेखी घ्या. इलेक्ट्रिक मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, ही सूट केंद्राने २०१८ मध्येच दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर साडेसात टनांखालची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. विमा, फिटनेस मात्र लागतंच. नंबरप्लेट हिरवी, त्यावर पिवळी अक्षरं.

चाचणीला जाताना विक्रेत्याला सांगा की गाडी पाणंदीपर्यंत हवी, भरून हवी, आणि तुमच्याच घरच्या प्लगवर एक रात्र लावून हवी. नकार दिला तर तीच गाडी वापरणारा दुसरा शेतकरी शोधा. नाशिक तालुक्यात आता असे मिळतात, आणि डिझेल-पाण्याचा खर्च दिला की एक दिवस गाडी द्यायला बहुतेक जण तयार होतात. इथे डिझेलऐवजी वीजबिल द्यावं लागेल, इतकंच.