कोण?

काल रात्री बाराला पाच कमी असताना मेसेज आला. नंबर सेव्ह नव्हता. ‘हॅपी बर्थडे. जागी असशीलच.’ डीपीत एक मुलगी पाठमोरी उभी, केस अगदी बारीक कापलेले. मी लिहिलं, ‘कोण?’

दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

मग एकदम लक्षात आलं. बाराच्या आधी, सगळ्यांच्या आधी, पाच मिनिटं राखून विश करणारी या जगात एकच आहे. घाईघाईने मेसेज डिलीट केला. ‘कोण?’ गेलं आणि त्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी ओळ येऊन बसली. ती काही जाईना.

झोप लागेना म्हणून लॅपटॉप उघडला आणि कितीतरी वर्षांनी ‘लाइफ इज स्ट्रेंज’ हा व्हिडिओ गेम पहिल्यापासून सुरू केला. 2015 मध्ये जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत त्याचे पाच भाग एकेक करून आले, तेव्हा प्रत्येक भाग आम्ही दोघींनी एकत्रच खेळला. कंट्रोलर तिच्याकडे, आणि गेमची नायिका मॅक्स, तिची डायरी मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे. एक भाग संपला की पुढचा येईपर्यंत वाट बघायची, आणि मधल्या दिवसांत गेममधल्या बेपत्ता रेचल अंबरचं काय झालं असेल यावर तासन्‌तास बोलायचं.

मॅक्स वेळ मागे नेऊ शकते, हे आम्हाला तेव्हा सगळ्यात भारी वाटायचं. बोललेलं चुकलं की मागे जायचं आणि दुसरं बोलायचं. समोरच्याला पत्ताच नाही, आठवतं ते फक्त मॅक्सला. पण तिची ही ताकद जागी होते कधी? शाळेच्या बाथरूममध्ये निळ्या केसांच्या एका मुलीला डोळ्यांदेखत गोळी लागते, तेव्हा. ती मुलगी म्हणजे क्लोई, तिची लहानपणची जिवलग मैत्रीण. आणि मॅक्स तिला ओळखत नाही. तिला वाचवते, तरी ओळखत नाही. दोघी पार्किंगमध्ये समोरासमोर येतात तेव्हा कुठे नाव तोंडातून निघतं.

हा प्रसंग मी तेव्हा कितीदा पाहिला असेल, पण हे कधी टोचलं नव्हतं. काल टोचलं. मॅक्स पाच वर्षं सिॲटलला, एक ओळ लिहिलेली नाही. आपल्या गावात, आर्केडिया बेला, परत येऊन महिना होतो, तरीही क्लोईला कळवलेलं नाही. मधल्या काळात क्लोईच्या घरी काय काय झालं... वडील तर मॅक्स जायच्या आधीच गेले होते. त्यानंतरची वर्षं तिने एकटीने काढली.

तिचे बाबा गेले तेव्हा मी

नको. ते आज नको.

रात्री एक वाजता मला स्वतःचीच दया येत होती. मलाही सगळं सोडून यावं लागलं, नव्या जागी पहिली दोन वर्षं मी कशी काढली हे मला कुणी विचारलं? तिनेही कुठे फोन केला? असं बराच वेळ चाललं. पण तो मेसेज काही खोटा नव्हता. तिने नंबर बदलला, केस कापले, आणि माझा वाढदिवस लक्षात ठेवला.

क्लोईही तेच करते. मॅक्सवर रागावलेली असते, टोमणे मारते, महिनाभर कळवलं नाहीस म्हणून सुनावते. आणि त्याच दुपारी, मॅक्सचा कॅमेरा मोडलाय म्हटल्यावर, आपल्या वडिलांचा कॅमेरा तिच्या हातात देते. उशिराची वाढदिवसाची भेट म्हणून. मॅक्सचा वाढदिवस गेल्या महिन्यात होऊन गेला हे तिला पाठ असतं. पूर्वी मला वाटायचं, ती रागावते आणि मग राग विसरते. तसं नाहीये. राग तसाच असतो आणि कॅमेराही द्यायचाच असतो.

गेमच्या शेवटी, वादळातून गाव वाचवायचं की क्लोईला, ही निवड करताना आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ती म्हणत होती गाव वाचव, एवढी माणसं मरतील. मी म्हटलं, क्लोईला मरू देणार नाही. शेवटी तिने कंट्रोलर माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, तूच दाब. मी दाबलं. मैत्रिणीसाठी अख्खा आर्केडिया बे वादळात जाऊ दिला आणि ओक्साबोक्शी रडले. नंतर तीच मी. सहा वर्षांत एक फोन लावला नाही.

असो. झालं ते झालं. मी ओळखलं नाही, ते तिला कळलं, आणि आता आम्हा दोघींनाही ते आठवत राहणार. निदान ती ओळ तिथे आहे, म्हणजे काही लिहिलं होतं एवढं तरी दिसतं.

सकाळी तिला लिहिलं, ‘नंबर सेव्ह केला. केस छान दिसतात. कोण म्हणून विचारलं होतं, सॉरी.’ दुपारपर्यंत काही नाही. चारला आलं, ‘वाचलं होतं मी. नऊला फोन कर, तेव्हा मोकळी असते.’

साडेआठ वाजलेत. गेम अजून क्लोईच्या खोलीतच थांबवून ठेवलाय. ती पलंगावर पडलीय, मॅक्स दाराशी उभी आहे.