थानेदार कसा झालो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी विषय बदलतो. "माहितीपट काढणारे तुम्ही, नट कसे झालात?" हा प्रश्न मला दौलतगंजातल्या एका लग्नात जिलबी वाढता वाढतासुद्धा विचारला गेलाय.

वीस वर्षं मी कॅमेऱ्यामागेच होतो. आमच्या ग्वाल्हेरच्या तानसेन संगीत समारोहाची सुरुवात कीर्तनकार ढोलीबुवांच्या हरिकथेने होते. त्या परंपरेवर तीन वर्षं घालवून फिल्म केली. बघायला आली एकतीस माणसं, त्यातली अकरा घरची.

मग पोटासाठी बाहेरच्या युनिटांना वाडे, गल्ल्या, चंबळच्या घळी म्हणजे बीहड दाखवायचं काम धरलं. एका वेब सिरीजच्या ऑडिशनला समोरच्या पात्राची वाक्यं वाचून क्यू द्यायला माणूस नव्हता, मला बसवलं. समोरचा मुलगा घामाघूम होऊन अभिनय करतोय आणि मी कागद धरून थानेदाराची वाक्यं आपली म्हणतोय, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या हिंदीत, निम्मं लक्ष जेवणाच्या डब्यांकडे. अशी चाळीस मुलं झाली. संध्याकाळी दिग्दर्शकबाईंनी फुटेज पाहिलं आणि विचारलं, "हा मागचा आवाज कोणाचा?" झालं, थानेदार मीच.

कॅमेऱ्यामागून पुढे आलेला मी एकटाच नाही, तिग्मांशु धुलियांचं बघा. 'बँडिट क्वीन'चं कास्टिंग त्यांनी केलं. आमच्या चंबळचा 'पानसिंग तोमर' त्यांनीच दिग्दर्शित केला. तो मार्च २०१२ मध्ये लागला आणि जूनमध्ये 'गँग्स ऑफ वासेपूर'मध्ये स्वारी रामाधीर सिंह होऊन पडद्यावर हजर! तो रामाधीर धमकीसुद्धा हिशेब सांगावा तशी देतो. मला वाटतं, नट कुठे जास्त करतो हे ज्याने समोर बसून पाहिलंय, त्याचा हात आपोआप आखडतो.

माझं मात्र पुढे बिनसलं. कप कोणत्या शब्दावर उचलला होता हे मला दहाव्या टेकलाही आठवतं, त्यामुळे शॉटला शॉट जुळतो का बघणारी कंटिन्युइटीवाली मुलगी खूष असते. पण दुसऱ्या भूमिकेसाठी मी महिनाभर आरशासमोर तालीम केली आणि तिथेच घात झाला. एडिटमध्ये निम्मा उडालो. डब्यांकडे लक्ष होतं तेच बरं होतं.

हो, एक फायदा झाला. गेल्या महिन्यात हरिकथेची फिल्म पुन्हा दाखवली. हॉल भरला, मागे लोक उभे होते. दिवे मालवले, पडद्यावर बुवांनी नमन धरलं, आणि माझ्या मागच्या रांगेतल्या आजींनी नातवाला हळूच विचारलं, "यात तो थानेदार कधी येतो रे?"