आर्किटेक्चर डायग्राम निवडताना आधी प्रश्न लिहा

आर्किटेक्चर डायग्राम, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना दाखवणारी आकृती, मागितला की बऱ्याच टीम एकच मोठं चित्र काढतात. त्यात मोबाइल ॲप असतं, डेटाबेसमधली टेबलं असतात, सर्व्हरचे आयपी असतात, शिवाय लॉगिनचा क्रमही असतो. असं चित्र कुणाच्याच कामाचं राहत नाही. म्हणून टूल उघडण्याआधी एक वाक्य लिहा: ही आकृती कुणाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे? निवड तिथेच होते.

बसच्या तिकिटांचं ऑनलाइन आरक्षण घेऊ. ‘आपली प्रणाली बाहेर कुणाकुणाशी बोलते?’ या प्रश्नाला सॉफ्टवेअरची रचना चार पातळ्यांवर दाखवणाऱ्या, सायमन ब्राउन यांच्या सी४ मॉडेलमधली पहिली पातळी, कॉन्टेक्स्ट डायग्राम, पुरते. मधोमध प्रणाली, भोवती प्रवासी, बस कंपनीचा कर्मचारी, पेमेंट गेटवे, एसएमएस सेवा. डेटाबेस इथे दाखवायचा नाही. तो दुसऱ्या पातळीवर, कंटेनर डायग्राममध्ये येतो: वेब ॲप, एपीआय, पोस्टग्रेस डेटाबेस, रेडिस (झटपट वाचायच्या डेटाचा साठा), क्यू (संदेशांची रांग). (कंटेनर म्हणजे इथे प्रणालीतला स्वतंत्रपणे चालणारा भाग; डॉकरच्या कंटेनरशी याचा संबंध नाही.) तिसरी पातळी, म्हणजे एका कंटेनरच्या आतले भाग, फक्त गुंतागुंतीच्या सर्व्हिसपुरती काढावी. चौथी, कोडची, हाताने काढूच नये; पुढच्या रिफॅक्टरिंगलाच (कोडची फेररचना) ती जुनी होते.

या चारही पातळ्या रचना दाखवतात. आरक्षणातले सगळ्यात महागडे दोष मात्र घटनांच्या क्रमात लपलेले असतात. प्रवाशाने सीट निवडली, ती 10 मिनिटांसाठी होल्ड झाली, नवव्या मिनिटाला यूपीआयने पैसे गेले आणि गेटवेचा वेबहुक (पैसे मिळाल्याचा आपोआप येणारा संदेश) बाराव्या मिनिटाला आला. तोवर सीट दुसऱ्याला विकली गेली. हे कंटेनर डायग्राममध्ये कधीच दिसणार नाही. इथे कोण कुणाला कोणत्या क्रमाने संदेश पाठवतं ते दाखवणारा सिक्वेन्स डायग्राम हवा, आणि त्यात सगळं सुरळीत झालं तर काय होतं एवढंच काढून थांबू नका. ‘आल्ट’ची (पर्यायी वाटा दाखवणारी) चौकट घालून टाइमआउटची, म्हणजे मुदत उलटल्यावरची, वाट काढा, तोच वेबहुक दोनदा आला तर काय होतं तेही काढा. उभ्या रेषा (प्रत्येक सहभागी भागाची एक) सहा-सातच्या पुढे गेल्या तर प्रसंगाचे दोन तुकडे करा.

त्याच्या जोडीला आरक्षणाचा स्टेट डायग्राम, म्हणजे अवस्था आणि त्यांच्यातले बदल दाखवणारी आकृती, काढाच. ‘होल्ड’, ‘पेमेंट बाकी’, ‘निश्चित’, ‘मुदत संपली’ या अवस्था मांडा आणि प्रत्येक अवस्थेत प्रत्येक घटना आली तर बाण कुठे जातो ते तपासा. ‘मुदत संपली’ असताना ‘पैसे मिळाले’ ही घटना आली आणि बाणच नसेल, तर कोडमध्येही बहुधा ती सोय नसते. प्रवाशाचे पैसे अडकतात. तिथून ‘परतावा बाकी’कडे बाण हवा. एवढ्या कमी वेळात इतकं नेमकं काही दाखवणारी दुसरी आकृती आम्हाला माहीत नाही.

‘एक झोन बंद पडला तर काय चालू राहील?’ असं कुणी विचारलं तर डिप्लॉयमेंट डायग्राम, म्हणजे कोणता भाग कुठल्या सर्व्हरवर चालतो ते दाखवणारा. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या, एडब्ल्यूएसच्या, मुंबई रीजनमधले झोन (एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटर), त्यातले सबनेट (नेटवर्कचे तुकडे), विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर, मुख्य डेटाबेस कुठे आणि त्याची प्रत, रेप्लिका, कुठे. दोन्ही एकाच झोनमध्ये असल्याचं इथेच उघड होतं. डेटाबेसमधल्या टेबलांची नाती मात्र ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) डायग्रामला सोपवा.

प्रकार बरोबर निवडला तरी बाण घात करतात. नुसती रेष काहीच सांगत नाही. तिच्यावर क्रियापद आणि मार्ग लिहा: ‘सीट होल्ड करते, एचटीटीपीएस’. बाणाची दिशा म्हणजे कॉल कोण सुरू करतं की डेटा कुठे जातो, हे एकदा ठरवून सूचीत नोंदवा. दोन्ही मिसळले की वाचणारा फसतो. असिंक्रोनस संदेशाला, म्हणजे पाठवून उत्तरासाठी न थांबणाऱ्याला, तुटक रेष द्या. क्यू ही रेष म्हणून न काढता वेगळा चौकोन म्हणून काढा, कारण ती भरते, अडते आणि तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

टूलचा विचार शेवटी. आकृती कोडच्याच रेपॉझिटरीत मजकूर म्हणून ठेवली तर पुल रिक्वेस्टमध्येच (बदल मंजुरीसाठी येतात तिथे) तपासता येते. मजकुरातून आकृती काढणारं मर्मेड गिटहबवर 2022 पासून थेट दिसतं. पण त्यात चौकोन वाढले की रेषा एकमेकींना छेदतात आणि मांडणीवर आपला ताबा फारसा राहत नाही. सिक्वेन्ससाठी प्लांटयूएमएल हे तसंच टूल उत्तम, पण त्याच्या इतर अनेक आकृत्यांना ग्राफव्हिझ हे मांडणीचं सॉफ्टवेअर लागतं, ते सीआयच्या (कोडची आपोआप तपासणी करणाऱ्या यंत्रणेच्या) इमेजमध्ये आधीच घालून ठेवा. सी४च्या अनेक पातळ्या एकाच मॉडेलमधून हव्या असतील तर स्ट्रक्चरायझर हे टूल घ्या: सर्व्हिसचं नाव एका जागी बदललं की सगळ्या आकृत्यांत बदलतं.