बिस्त्रिकच्या चढावरची खोली

बाथरूमचं दार उघडलं आणि आधी दिसले ते कॅन. दहा-दहा लिटरचे चार, पांढऱ्या प्लास्टिकचे, काठोकाठ भरलेले, झाकणं घट्ट लावून भिंतीशी ओळीने मांडलेले. शेजारी लांब चोचीचं तांब्याचं भांडं. त्याला बोस्नियात इब्रिक म्हणतात, हे नंतर कळलं. लेक म्हणाली, "आई, हे कशाला ठेवलं असेल गं?" मी लातूरची. भरून ठेवलेलं पाणी कशासाठी असतं हे मला विचारावं लागत नाही.

लेक-जावई व्हिएन्नात असतात. आम्ही दोघं दीड महिना तिच्याकडे होतो. मधल्या पाच दिवसांसाठी तिने सुटी काढली आणि आम्हाला बोस्नियाच्या राजधानीला, सारायेव्होला न्यायचं ठरवलं. मी सत्तावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवला. बाल्कनचा नकाशा फळ्यावर काढून काढून हात दुखला, पण तो प्रदेश पाहिला नव्हता. तिने विचारलं, "हॉटेल कसं हवं?" मी म्हटलं, स्वच्छ हवं, स्वस्त हवं आणि गावातल्या जुन्या वस्तीत हवं. तिघांना मिळून रात्रीचे सत्तर मार्क, असं एक छोटं घरगुती हॉटेल तिने शोधलं. बोस्नियात अजून मार्क चालतो. जर्मनीने आपला मार्क सोडला, यांनी त्याच्याशी बांधलेलं स्वतःचं नाणं तसंच ठेवलं. एका युरोला १.९५५८३ मार्क हा दर ठरलेला आहे. आपल्या हिशेबाने एक मार्क म्हणजे साधारण पन्नास रुपये धरा.

रात्रभराच्या बसने सकाळी उतरलो. हॉटेलच्या माहितीत "लॅटिन पुलापासून सात मिनिटं" असं होतं. सात मिनिटं तरण्या पायांची. बिस्त्रिक ही मिल्यात्स्का नदीच्या डाव्या तीरावरची जुनी वस्ती, आणि तिथल्या गल्ल्या नदीपासून सरळ डोंगरावर चढतात. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दर वळणावर थांबत, भिंतीला हात लावत आम्ही चढत होतो. तेवढ्यात वरून एक पोरगा आला, काही न बोलता मोठी बॅग खांद्यावर टाकून चालू लागला. तो मालकीणबाईंचा शेजारी निघाला. दारात पोचलो तेव्हा बाई त्याच्याकडे बोट दाखवून हसत म्हणाल्या, "हमाल!" आणि मग माझ्याकडे बोट करून, "मुसाफिर!"

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून ऐकत राहिले. दोन शब्द, दोन्ही माझे. तुर्कांचं राज्य तिथे चारशे वर्षं होतं. फारसी-अरबी शब्द त्यांच्याबरोबर तिकडे गेले आणि सुलतानांबरोबर आपल्याकडे आले. दुकान म्हणजे दुचान, शहर म्हणजे शेहेर, मोहल्ला म्हणजे महाला, बक्षीस म्हणजे बक्षीश. संध्याकाळी मी खाणाखुणांनी हात धुण्याचा अभिनय करत होते, तेव्हा बाईंनी विचारलं, "सापून?" मी म्हटलं, "हो हो, साबण!" दोघीही एकमेकींकडे बघत राहिलो. पाण्याला त्या व्होदा म्हणतात. तो शब्द तुर्कांचा नव्हे, स्लाव्हच. आपल्या "उदक"चा तो फार जुना भाऊबंद.

खोलीबद्दल सांगते, कारण असं हॉटेल घेणाऱ्याला तेच हवं असतं. बूट दाराबाहेर काढायचे, आत कापडी सपाता मिळतात. मला तिथेच घरी आल्यासारखं झालं. तीन लोखंडी खाटा, लोकरीच्या जाड रजया, चालताना करकरणारी लाकडी जमीन, खिडकीत जिरॅनियमची कुंडी. लिफ्ट नाही, टीव्ही नाही, न्याहारी नाही. चादरी कडक इस्त्रीच्या आणि उन्हाच्या वासाच्या. खिडकीतून खाली बिअरच्या कारखान्याची लाल इमारत, तिच्यासमोर सेंट अँथनीचं चर्च, त्यापलीकडे सुलतानाच्या मशिदीचा मिनार. पहाटे अजान, मग थोड्या वेळाने घंटा. मशीद, चर्च आणि सिनेगॉग दहा मिनिटांच्या अंतरात आहेत यावर सगळेच लिहितात, म्हणून मी पुढे जाते.

पहिल्याच रात्री बारानंतर नळ गेला. लेक वैतागली, "पैसे देऊन राहतोय आणि पाणी नाही!" मी कॅनचं झाकण काढलं, इब्रिकमध्ये पाणी ओतलं आणि तिच्या हातावर धार धरली. वरच्या गल्ल्यांना रात्री पाणी नसतं आणि पहाटे पाचला येतं, असं सकाळी मालकीणबाईंच्या नातीने सांगितलं. ही नात कॉलेजात शिकते, इंग्रजी छान बोलते. तिच्यामुळेच पुढचं सगळं कळलं. ती म्हणाली, नळ चोवीस तास असता तरी आजीने कॅन भरलेच असते. वेढ्यापासून तिला रिकामं भांडं बघवत नाही.

बोस्नियाच्या युद्धात सारायेव्होला एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत सर्ब फौजांचा वेढा होता. १४२५ दिवस. वीज, गॅस, पाणी सगळं तोडलेलं. आमच्या खिडकीखालचा तो बिअरचा कारखाना १८६४ सालचा. त्याच्या आवारात स्वतःचे झरे आहेत, त्यामुळे त्या साडेतीन-चार वर्षांत शहराचं पाणी तिथून भरलं गेलं. लोक कॅन, बादल्या, लहान मुलांच्या बाबागाड्या, बर्फावरच्या घसरगाड्या घेऊन रांगेत उभे राहत. डोंगरावरून गोळे येत असताना. जानेवारी १९९३ मध्ये त्या रांगेवर तोफगोळा पडला आणि आठ माणसं मेली. बाई तेव्हा पस्तिशीत होत्या. दोन मुलं घरात, आणि दिवसाआड हाच चढ दोन हातांत दोन कॅन घेऊन चढायचा. ज्या चढाने आम्ही रिकाम्या हातांनी धापा टाकत आलो, तोच.

दहाच्या सुमाराला त्या कॉफी करत आणि आम्हाला बोलावत. ही कॉफी उभ्याने प्यायची नसते. जेझ्वा म्हणजे लांब दांड्याचं तांब्याचं भांडं. त्यात दळलेली कॉफी आधी कोरडीच जरा गरम करतात, मग उकळतं पाणी ओततात, फेस वर आला की उतरवतात. फेस चमच्याने बिनकानाच्या छोट्या कपात, फिल्जानमध्ये, आणि त्यावर कॉफी. साखरेचा खडा कॉफीत टेकवून दाताने तोडायचा आणि घोट घ्यायचा. ताटलीत गुलाबाच्या वासाची वडी. ट्रे तांब्याचा, ठोक्यांची नक्षी असलेला.

तिसऱ्या दिवशी नात कॉलेजला गेली होती, लेक खाली बाजारात. आम्ही दोघीच. बाईंनी वर्तमानपत्राच्या कडेला पेनने लिहिलं, १९९३, आणि खिडकीतून कारखान्याकडे बोट केलं. मी पेन घेतलं आणि त्याखाली लिहिलं, ३०-९-१९९३. त्यांना कळेना. मी दोन्ही हातांनी टेबल धरून हलवलं. ट्रेवरचे फिल्जान एकमेकांवर वाजायला लागले, खणखण, खणखण. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं होती तेव्हा. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. आम्ही लातुरात होतो म्हणून वाचलो. माझ्या मावशीचं घर किल्लारीला होतं. मी हे सगळं मराठीतच बोलत होते. बाईंनी आपला हात टेबलावर, माझ्या हातावर ठेवला आणि टेबल थांबवलं. फिल्जान शांत झाले. मग त्यांनी माझ्या कपात उरलेली कॉफी ओतली.

दोन्ही दुःखं एका तराजूत घालायची नसतात, हे मला कळतं. आमच्यावर डोंगरावरून कुणी नेम धरून बसलं नव्हतं. पण पाण्याची रांग मला कळते. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती बघायला आम्ही गेलो होतो आणि माझ्या शेजारची एक म्हातारी वाघिणीला हात जोडत होती. तेव्हापासून माझ्या न्हाणीघरात दोन पिंपं कायम भरलेली असतात. सुना-लेकी म्हणतात, आता कशाला. नातीने हे आजीला सांगितलं, तेव्हा बाई उठल्या आणि मला जिन्याखाली घेऊन गेल्या. तिथे आणखी अकरा कॅन होते. प्रत्येकावर भरल्याची तारीख, खडूने लिहिलेली. आठवड्याला पाणी बदलतात, जुनं कुंड्यांना घालतात. मी तारखा वाचत गेले. एकही चुकलेली नव्हती.

भूगोल मला चौथ्या दिवशी दिसला. त्रेबेविच डोंगरावर दोरवाट जाते. तिचं खालचं स्टेशन आमच्या हॉटेलपासून जवळच आहे. १९५९ ची ही दोरवाट युद्धात गेली आणि ६ एप्रिल २०१८ ला पुन्हा सुरू झाली. पाळणा वर चढू लागला आणि शहर खाली उघडत गेलं. पूर्व-पश्चिम लांबट, अरुंद दरी, मधून नदीची रेघ आणि दोन्ही अंगांनी डोंगर थेट घरांवर आलेले. परातीच्या तळाशी गाव वसलेलं आणि काठावर तोफा. खोऱ्यातली वस्ती पाण्यासाठी, वाऱ्यापासून आडोशासाठी कशी सोयीची असते, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. तोच आकार शहराला कसा कोंडतो ते पाठ्यपुस्तकात नव्हतं. वर १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी बांधलेला बॉबस्लेचा सिमेंटचा नागमोडी मार्ग जंगलात पडून आहे, रंगवलेल्या चित्रांनी भरलेला. ह्यांनी तिथे गुडघा विसरून अर्धा किलोमीटर चाल केली.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट नक्की सांगते. तिथे बुरेक म्हटलं की मांसच. पातळ पदराची तीच भाजलेली गुंडाळी पालक-चीजची असेल तर झेल्यानित्सा, नुसत्या चीजची सिर्नित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा. वजनावर मिळते, सोबत दाट आंबट दही. आम्ही पाच दिवस क्रोम्पिरुशावर काढले आणि एकदाही कंटाळा आला नाही. निखाऱ्यांखाली झाकून भाजलेली मिळाली तर तीच घ्या.

बाश्चार्शिया, म्हणजे जुना बाजार, नदीपलीकडे. तिथल्या काझांजिलुक गल्लीत शिरलो आणि ह्यांना पुण्याची तांबट आळी आठवली. तोच ठोक्यांचा नाद. झडलेल्या काडतुसांची पेनं आणि तोफगोळ्यांच्या टरफलांवर नक्षी कोरून केलेल्या फुलदाण्याही तिथे विकायला असतात. मी हातात घेतली एक आणि परत ठेवली. जेझ्वा मात्र घेतली. गाझी हुस्रेव बेगच्या मशिदीजवळचा घड्याळाचा मनोरा पाहायला मी दोनदा गेले. त्या घड्याळात सूर्यास्ताला बारा वाजतात. दिवस लहान-मोठा होतो तसे काटे माणसाने सरकवावे लागतात. सूर्याशी बांधलेलं घड्याळ हे मी मुलांना समजावून सांगत असे, पण चालू स्थितीत पहिल्यांदा पाहिलं. आणि मोरिचा हान ही जुनी सराई. एके काळी तिथे तीनशे मुसाफिर आणि सत्तर घोडे उतरत, आता अंगणात कॉफीची टेबलं आणि गालिच्यांचं दुकान. मी वरच्या लाकडी सज्ज्याकडे बघत बसले. आमची खोलीही तशाच कुणाच्या तरी वाटेवरची, दोन-चार रात्रींची.

नदीकाठची वियेच्नित्सा, १८९६ ची जुनी नगरपालिका, नंतरचं राष्ट्रीय ग्रंथालय, ऑगस्ट १९९२ मध्ये पुस्तकांसकट जळाली आणि २०१४ मध्ये पुन्हा उघडली. आत गेले खरी, पण त्याबद्दल लिहायला मला अजून शब्द सापडत नाहीत. २०१२ मध्ये वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल रिकाम्या खुर्च्या मांडल्या होत्या, गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक. त्यात लहान मुलांच्या छोट्या खुर्च्याही होत्या. नातीने फोनवर फोटो दाखवला. आजी त्या दिवशी तिथे गेली होती का, असं मी विचारलं. गेली होती, म्हणाली, आणि एका खुर्चीपाशी थांबून परत आली.

निघायच्या सकाळी मी खाटांवरच्या रजया घड्या करून ठेवल्या आणि आम्ही वापरलेले दोन कॅन नळाखाली धरून भरले. झाकणं लावली. खडू मागितला. बाईंनी दिला. मी तारीख घातली, देवनागरी आकड्यांत. त्या वाकून बघत राहिल्या, मग बोटाने एकेक आकडा गिरवला.

खाली दारात निरोप झाला. ह्यांनी नमस्कार केला, तर त्यांनीही हात जोडले. आम्ही उतारावर दहा पावलं गेलो असू, तेवढ्यात मागे पाण्याचा आवाज आला. बाई उंबऱ्यात उभ्या राहून इब्रिकमधलं पाणी आमच्यामागे रस्त्यावर ओतत होत्या, सगळंच्या सगळं. नात वरून ओरडून सांगू लागली, प्रवास पाण्यासारखा सरळ व्हावा म्हणून असं ओततात, घाबरू नका. पाणी दगडांच्या फटींतून वळणं घेत आलं, बॅगेच्या चाकांना भिजवून पुढे गेलं आणि आमच्या आधी नदीकडे उतरू लागलं.