तुम्ही विचारलंत म्हणून: फळ्यावरचा तो 2147483647

मुलुंडला माझ्या क्लासमध्ये दहावीची मुलं, कधीकधी घ्यायला आलेले त्यांचे आईबाबा पण, हमखास विचारतात की मॅडम फळ्याच्या कोपऱ्यात तो 2147483647 कायम का लिहिलेला असतो, आणि मूळ संख्या आहे म्हणता तर कॉम्प्युटर नसताना हे कळलं कसं? तर आज नीट सांगते.

हा 2 चा 31वा घात वजा 1. ऑयलर या गणितज्ञाने 1772 मध्ये तो मूळ असल्याचं दाखवलं, सेंट पीटर्सबर्गला, आणि तेव्हा त्याची नजर जवळजवळ गेलेली होती! सरळ रस्त्याने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे 46340 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं, आणि त्या भरतात पावणेपाच हजारांच्या वर.

ऑयलरने आधी हे बघितलं की भाग जाणारच असेल तर तो कुणाकुणाने जाऊ शकतो. घात 31 आहे आणि 31 स्वतः मूळ आहे, त्यामुळे जो कोणी मूळ विभाजक असेल त्यातून 1 वजा केला की उरलेल्याला 31 ने भाग जायलाच हवा, हे फर्माच्या छोट्या प्रमेयातून (मूळ संख्येने भागल्यावर बाकी काय उरते याच्या एका जुन्या नियमातून) निघतं. लहान उदाहरण घ्या, 2 चा 11वा घात वजा 1 म्हणजे 2047, तो आहे 23 गुणिले 89, आता एकेक वजा करा, 22 आणि 88, दोघांनाही 11 ने भाग जातो बघा. शिवाय दुसरी अट, विभाजकाला 8 ने भागलं की बाकी 1 किंवा 7 च उरते (23 ला 7, 89 ला 1). दोन्ही अटी एकत्र केल्या की आपल्या नंबरसाठी 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 येणारेच उमेदवार राहतात, आणि काम येतं फारतर 372 भागाकारांवर. एवढं माणूस हाताने करू शकतो. मुलांना मी पाठांतराआधी हे दाखवते ते यासाठीच.

उपयोग काय, हेही विचारतात. 1811 मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं होतं की असल्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, याच्यापुढची शोधायला कोणी जाणार नाही. लोक गेले, 2024 मध्ये तर 4 कोटी 10 लाखांहून जास्त अंकांची सापडली. आणि हाच नंबर 32 बिटच्या कॉम्प्युटरमध्ये मावणारा सगळ्यात मोठा पूर्णांक आहे (चिन्हासाठी एक बिट सोडून), म्हणून 1970 पासून सेकंद मोजणारी जुनी सिस्टिम बदलली नाही तर 19 जानेवारी 2038 ला आपल्या सकाळच्या 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनंतर तिचं घड्याळ चुकेल.

आता तुम्ही 2 चा 23वा घात वजा 1 घ्या, 8388607. दोन्ही अटी लावा, पहिलाच उमेदवार येतो 47, भागून बघा, पूर्ण भाग जातो.