नवी रायफल, नवी साईट : बार्शीहून सोलापूरच्या रेंजवर

नवी एअर रायफल हातात आली की पहिल्याच दिवशी साठ शॉट मारून स्कोअर बघायचा मोह होतो. आमच्या नेमबाजीच्या सरांनी आदल्या रात्रीच फोनवर बजावलं होतं, "उद्या स्कोअर नाही. उद्या फक्त साईट." (साईट म्हणजे नेम धरायचं साधन.) त्यामुळेच दिवस सार्थकी लागला. बार्शी, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोटकडून नवी रायफल घेऊन जे सोलापूरला येणार आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी प्रवासाचं. बार्शी ते सोलापूर वैरागमार्गे सत्तरेक किलोमीटर. शक्यतो सकाळची पहिली एसटी धरा. गर्दी नसते, त्यामुळे रायफलची लांबलचक पेटी (केस) सीटखाली किंवा मागच्या सीटवर आडवी ठेवता येते. उभी ठेवू नका, रस्त्याच्या धक्क्यांनी साईट हलते. कंडक्टर, पोलीस किंवा नुसतेच चौकस प्रवासी, कुणीतरी विचारतंच. बिल आणि आधार कार्ड हाताशी ठेवा आणि शांतपणे सांगा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमी (.१७७) बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेची मॅच रायफल या मर्यादेच्या बरीच खाली असते. तरीही केस वाटेत कुठेही उघडायची नाही. स्टँडवर नाही, रिक्षात नाही, आणि आत्याच्या दिवाणखान्यात शेजारी बघायला जमले तरी नाही. (आत्याला हे पटवायला वेळ लागला.)

रायफलच्या हवेच्या सिलिंडरबद्दल दोन गोष्टी. एक, त्यावरची तारीख बघून घ्या. मॅच रायफलच्या सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. जुनी रायफल विकत घेणाऱ्यांनी तर पैसे मोजण्याआधीच ही तारीख वाचावी. दोन, सोलापूरचं ऊन. २०० बार दाबानं भरलेला सिलिंडर उन्हातल्या बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४० च्या वर असतो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त.

रेंज विजापूर रोडच्या बाजूची, खासगी, मोजक्या लेनची. माझी रायफल वॉल्थर एलजी ४००, अल्युमिनियम स्टॉकची. इतकी वर्षं क्लबच्या लाकडी स्टॉकच्या रायफलवर काढल्यावर आधी जाणवला तो ट्रिगर. पहिला टप्पा संपतो तिथे बोटाला स्पष्ट भिंत लागते, आणि त्यापुढे नुसता विचार केला तरी शॉट सुटतो. सरांनी पहिला तास एकही छर्रा भरू दिला नाही. ड्राय फायर करत बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक पीस (गाल टेकवायचा भाग) जुळवणं चाललं होतं. कसोटी सोपी आहे : डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि डोळे उघडायचे. मान न हलवता डोळा रिअर साईटच्या छिद्रासमोर यायला हवा. माझा डोळा खाली येत होता. चीक पीस थोडा थोडा वर घेत गेलो तेव्हा कुठे मानेवरचा ताण गेला.

साईटला सर्वांत जास्त वेळ द्या. रिअर साईटच्या छिद्रातून पाहिलं की एकात एक वर्तुळं दिसायला हवीत : छिद्राची कड, त्यात फ्रंट साईटची नळी, त्यात रिंग, आणि रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल. छिद्र आणि नळी यांच्यामधली उजेडाची पट्टी सगळीकडे सारखी नसेल, तर काळा गोल रिंगमध्ये कितीही नेमका बसलेला असला तरी गोळी बाजूला जाते. डोळा छिद्रापासून किती लांब ठेवायचा तेही या पट्टीवरूनच ठरतं. साईट रेलवर (ती ज्या पट्टीवर बसते तिच्यावर) मागे-पुढे सरकवून ते बसवलं.

आता फ्रंट रिंग. माझ्या रायफलला ३.४ मिमीची रिंग बसवलेली होती. काळ्या गोलाभोवती पांढरी कड जेमतेम केसाएवढी दिसायची. बारीक कड म्हणजे अचूक नेम असं वाटतं, पण होतं उलटंच. गोल जरा हलला की कड नाहीशी होते, डोळा ती शोधत बसतो आणि बोट अडतं. सरांनी ४.० मिमीची रिंग बसवली. कड ठसठशीत झाली, गोल तिच्यात निवांत तरंगू लागला आणि शॉट वेळेवर सुटू लागले. ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, डोळ्यांदेखत आवळला. ज्यांच्याकडे एकच रिंग आहे त्यांनी दुसरं काही घेण्याआधी दोन-तीन मापांच्या रिंगा घ्याव्यात, असं मी ठामपणे सांगेन.

झिरो करताना, म्हणजे गोळी नेमाच्या जागी आणताना, एका शॉटवर साईटचा नॉब फिरवू नका. पाच शॉट मारा, त्यांचा मध्य बघा, मग क्लिक (नॉबचा एकेक टप्पा). मधला ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, पण ४.५ मिमीचा छर्रा त्याला नुसता चाटून गेला तरी दहा मिळतात, म्हणजे केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सूट आहे. पुढे पाव पाव मिलिमीटर आत येत १०.९ या सर्वोच्च गुणापर्यंत जायचं. जर्मन साईटवरच्या अक्षरांनी गोंधळू नका : गोळी वर पडत असेल तर एचकडे (होख, म्हणजे वर), खाली पडत असेल तर टीकडे (टीफ, म्हणजे खाली) फिरवायचं. नक्की करायला आधी एकाच बाजूला दहा क्लिक द्या आणि ग्रुप कुठे सरकतो ते पाहा.

अभिनव बिंद्रा २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या फायनलला उभा राहिला तेव्हा त्याची साईट हललेली होती, हे सरावाच्या शॉटमधूनच त्याच्या लक्षात आलं. त्यानं ती तिथल्या तिथे जागेवर आणली आणि शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्ण घेतलं. आपली साईट किती क्लिकवर आहे हे पाठ असेल, तरच अशा वेळी हात थरथरत नाही. म्हणून वहीत लिहा : नॉबची जागा, रिंगचं माप, रेलवरचा आकडा, छर्र्यांचा डबा कोणता, लेन कोणती.

वेळ सकाळचीच घ्या. दुपारी पत्र्याखाली जॅकेट घालून उभं राहणं कठीण होतं आणि मागच्या खिडकीतून येणारा उजेड रिंगची कड पुसट करतो. बाराच्या आत आटोपलं की आत्याकडे किंवा नवी पेठेत कडक भाकरी, शेंगाचटणी खाऊन दुपारची गाडी आरामात मिळते. छर्रे मात्र सोबत पुरेसे आणा, आपल्या रायफलला मानवणारा डबा तिथे मिळेलच असं नाही.

परतताना रिअर साईट काढून फोमच्या डब्यात ठेवली आणि रेलवर तिच्या कडेशी पेन्सिलने बारीक रेघ मारली. पुढच्या रविवारी त्याच रेघेवर ती लावून पहिले पाच शॉट कुठे जातात ते बघायचंय. ते जागेवर गेले, तर साठ शॉटचा पहिला सामना त्याच दिवशी.