बाण डावीकडे जातो, तर धनुष्य बदलायचं का?

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या पायरीवर, मैदानावर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप चालू असताना, मला हाच प्रश्न आला आहे: "काकू, पोराचा बाण सारखा डावीकडे जातो. धनुष्य बदलून देऊ का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. धनुष्य राहू द्या आणि मुलाला बोलू नका. आधी त्याच्या हातातला बाण वाकवून बघा.

मी पंधरा वर्षांची असताना माझं धनुष्य 26 पौंडांचं होतं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागायचा. बाण मात्र एका मोठ्या माणसाने दिलेले, 45 पौंडांच्या धनुष्यासाठी केलेले. सगळे डावीकडे जायचे. शिकवणारे म्हणाले, मनगट सैल आहे. मी मनगट आवळलं. मग म्हणाले, दोरी नीट सुटत नाही. मी बोटं सोलवटून घेतली. शेवटी कोणी न सांगता मी नेम उजवीकडे धरायला शिकले. दोन वर्षं असं चाललं. पुढे योग्य बाण मिळाले तेव्हा ते उजवीकडे जाऊ लागले, कारण माझा नेमच वाकडा झाला होता. ती सवय सोडवताना मी रडले आहे. म्हणून कुणी मुलाच्या हाताला दोष दिला की मला राहवत नाही.

बाण सुटताना सरळ राहत नाही. दोरी मागून जोरात ढकलते, पुढचं टोक जड असल्यामुळे मागे रेंगाळतं, आणि मधली काडी वाकते. शिवाय बोटांवरून घसरताना दोरी जराशी बाजूला सरकते. बाण एकदा इकडे, एकदा तिकडे वाकत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून बाहेर पडतो. 1930च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. वाकणं धनुष्याच्या ताकदीला जुळलं, तर मुठीला न लागता बाण निघतो. बाण फार ताठ असेल तर वळसा पुरत नाही आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे ढकलला जातो. फार नरम असेल तर उजवीकडे. डावखुऱ्याचं याच्या उलट.

हे मला पुस्तकाआधी छोटा उदेपूरच्या हाटात कळलं. बडोद्याहून शंभरेक किलोमीटर. तिथले राठवा आणि भील आदिवासी बांबूच्या कामठीला, म्हणजे धनुष्याला, दोरीही बांबूच्याच पट्टीची लावतात. एका आजोबांनी माझा बाण दोन्ही टोकांना धरून अंगठ्यांनी हलकेच दाबला आणि परत दिला. "आ तीर तारी कामठीनुं नथी." हा बाण तुझ्या धनुष्याचा नाही. बस, एवढंच. धनुष्य त्यांनी पाहिलंही नव्हतं, माझ्या खांद्यांकडे पाहिलं होतं.

तो अंदाज आपल्याला नसतो, म्हणून मी मोजते. दोन खिळे 66 सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे 26 इंचांवर ठोकायचे, त्यांवर बाण आडवा ठेवायचा. मधोमध 907 ग्रॅम वजन टांगायचं. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाण्याची बाटली टांगते. बाण मध्ये किती इंच खाली गेला ते मोजून 26ला त्याने भागलं की लाकडी बाणाचा ताठपणा पौंडांत मिळतो, म्हणजे साधारण किती पौंडांच्या धनुष्याला तो जुळेल ते. 0.65 इंच झुकला तर 40 पौंड, 0.52 झुकला तर 50. बांबू सगळ्या बाजूंनी सारखा ताठ नसतो. तो फिरवून सगळ्यात कमी झुकणारी बाजू शोधा, खूण करा, आणि ती बाजू प्रत्येक बाणात धनुष्याकडेच येईल अशी नॉक, म्हणजे दोरी बसायची मागची खाच, कापा.

आकडा म्हणजे सुरुवात. खरी परीक्षा बिनपिसाच्या बाणाची, कारण पिसं दोष झाकतात. दहा-बारा मीटरवरून पिसं लावलेले तीन आणि बिनपिसाचे दोन बाण सोडा. बाकी सगळं सारखं हवं. आधी वर-खाली बघा. बिनपिसाचे खाली लागले तर दोरीवरची नॉकची जागा खाली आणा, वर लागले तर वर न्या. ते जुळल्यावरच डावं-उजवं बघायचं. बिनपिसाचे डावीकडे लागले तर बाण ताठ, उजवीकडे लागले तर नरम. मात्र एका फेरीवरून ठरवू नका. दमलेला हातही बाण वाकडा सोडतो.

ताठ बाणासाठी सगळ्यात सोपं म्हणजे जड टोक. 100 ग्रेनऐवजी (ग्रेन हे वजनाचं लहान माप) 125 ग्रेनचं लावलं की काडी जास्त वाकते. नरम बाणाला उलट हलकं टोक, किंवा लांबी कमी करायची. पण एका वेळी सहा मिलिमीटरच कापा आणि पुन्हा सोडून बघा. कापलेलं परत येत नाही, आणि बाण पूर्ण ओढल्यावरही टोक मुठीच्या पुढे राहायलाच हवं.

बांबू तासून नरम करण्याचा मोह मुलांना फार होतो. भरीव गोल काडीची जाडी 8 वरून 7.6 मिलिमीटरवर आणली, एवढीशीच, तर ताठपणा जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरतो. त्यात बांबूचं बळ सालीजवळच्या धाग्यांत असतं, तेच आपण काढून टाकतो. म्हणून फक्त बारीक काचपेपर, सगळीकडून सारखा, आणि दर थोड्या वेळाने बाटली टांगून मोजणं. तडा गेलेला बाण तर सोडूच नका. तो सुटताना फुटून हातात शिरू शकतो. माझ्याकडची मुलं प्रत्येक फेरीआधी बाण कानाजवळ वाकवून करकर ऐकतात, आणि कितीही घाई असली तरी मी ते चुकवू देत नाही.

पावसाळ्यात आणखी एक. दमट हवेत बांबू ओल धरतो आणि नरम होतो. जूनमध्ये मधोमध लागणारे बाण ऑगस्टमध्ये उजवीकडे जाऊ लागले, तर मुलाचं काही बिघडलेलं नाही. ते पंख्याखाली आडवे ठेवा, चांगले सुकले की मोजा.

एवढं करूनही बाण डावीकडेच जात असेल, तर मुलाला घेऊन या. येताना त्याचेच बाण आणा, आणि त्यातल्या दोन बाणांची पिसं काढून.